डब्यावरचा फोटो

आमच्या घरात दोन गोष्टी वाया घालवणं पाप मानतात, पाणी आणि पैसा. पाणी गाळून प्यायचं आणि पैसा मोजून द्यायचा. देऊच नये, असं मात्र कुणी शिकवलं नाही. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दानं आम्ही पाठशाळेत बोटांवर मोजत पाठ केली. त्यामुळे लोकांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारनं उचलावा की नाही, हा वाद आमच्याकडे निघतो तेव्हा एका बाजूला कंजूष आणि दुसऱ्या बाजूला उदार असं नसतं. दोन्हीकडे देणारीच माणसं असतात. भांडण असतं ते कुणाच्या हातानं द्यायचं आणि कुणाला विचारून, याचं.

माझा थोरला भाऊ अण्णा हा या वादातला कायमचा विरोधी पक्ष. बेळगावात रविवार पेठेत त्याचं भुसारी दुकान. सरकारनं काही फुकट द्यायचं जाहीर केलं की तो म्हणतो, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! पैसा आमचा, नाव त्यांचं." हाच विचार मी पुढं सातासमुद्रापलीकडं एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तेव्हापासून त्याला नुसतं हसून उडवून देणं मला जमत नाही.

2009 साली लेकीच्या बाळंतपणासाठी मी पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहत होते. ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले. त्या श्रीमंत देशात साडेचार कोटींहून जास्त माणसांकडं आरोग्यविमा नव्हता, आणि त्यासाठी नवा कायदा येऊ घातला होता. ऑगस्टच्या सुट्टीत तिथले लोकप्रतिनिधी आपापल्या मतदारांना भेटायला गेले आणि सभांमधून नुसता गदारोळ उठला. आमच्याच राज्यात, लेबनन नावाच्या गावात, 11 ऑगस्टला सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांच्यासमोर लोक तावातावानं बोलत होते. टीव्हीवर ते बघून जावई म्हणाले, "आई, ही माणसं वेडी झालीयत." मला तसं म्हणवेना, कारण शेजारचे गृहस्थ त्याच मताचे होते आणि ते वेडे मुळीच नव्हते.

सत्तरी ओलांडलेले, पूर्वी खिळेमोळे आणि हत्यारांचं दुकान चालवलेले. समोरच्या विधवा बाईच्या अंगणातलं गवत तेच कापायचे. गावच्या अग्निशमन दलात त्यांनी उमेदीची वर्षं बिनपगारी काम केलं होतं. मी कांदा-लसूण खात नाही हे कळल्यावर आपल्या परसातले टोमॅटो पिशवीत घालून आणून द्यायचे आणि विचारायचे, "हे तरी चालतात ना?" एकदा व्हरांड्यात बसून त्यांनी मला आपलं म्हणणं समजावून सांगितलं. माझं शाळेतलं इंग्रजी तेवढ्याला पुरलं. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे मांडायची त्यांची रीत थेट अण्णासारखी.

पहिला आकडा कर्जाचा. आदल्या वर्षी बँका बुडायला लागल्या म्हणून 70 हजार कोटी डॉलर मंजूर झाले. फेब्रुवारीत मंदी हटवायला आणखी 78 हजार 700 कोटी. त्या वर्षाची सरकारी तूट जवळजवळ 1 लाख 40 हजार कोटी डॉलर. "घर गहाण असताना माणूस नवा मजला चढवतो का?" असा त्यांचा प्रश्न. याला काय उत्तर द्यायचं? आमच्या दुकानाच्या चोपडीतसुद्धा याला उत्तर नाही.

दुसरी गोष्ट सक्तीची. प्रत्येकानं विमा घ्यायचा, नाही घेतला तर दंड. "दान मी रोज करीन, पण माझ्या खिशात हात घालून कुणी करायला लावलं तर ती लूट झाली." हा मुद्दा पुढं थेट सुप्रीम कोर्टात गेला. सरकार आज विमा घ्यायला लावतंय, मग उद्या ब्रोकोली विकत घ्यायलाही लावेल का, असं तिथं न्यायमूर्तींनीच विचारलं. 28 जून 2012 ला कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तो दंड हा एक कर आहे असं धरून कायदा टिकवला. म्हणजे नऊ शहाण्या माणसांपैकी चौघांना म्हाताऱ्याचं म्हणणं पटलं होतं.

तिसरं म्हणणं व्यापाऱ्याचं. बिल तिसराच भरणार असेल तर भाव कोण विचारणार? मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं हेच मांडलं होतं. आपला पैसा आपल्यासाठी खर्चताना माणूस घासाघीस करतो, दुसऱ्याचा खर्चताना करत नाही. त्या देशाच्या एकूण उत्पन्नातले शंभरातले सतरा डॉलर तेव्हाच औषधोपचारावर जात होते. सरकार मध्ये आलं की ते आणखी फुगणार, ही भीती काही हवेतली नव्हती.

चौथी भीती मात्र खोटी होती, आणि ती मुद्दाम पसरवलेली होती. म्हाताऱ्या माणसांनी जगायचं की मरायचं हे ठरवायला सरकारी मंडळं बसणार, असं सारा पेलिन यांनी लिहिलं आणि घरोघर ते पोचलं. मूळ कलमात काय होतं? शेवटच्या दिवसांत कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, यावर रुग्णाला डॉक्टरशी बोलावंसं वाटलं तर त्या डॉक्टरची फी मेडिकेअरनं द्यावी, एवढंच. बोलायची सक्ती नव्हती. आमच्याकडं सल्लेखनेचा विचार लहानपणापासून कानावर असतो. घरातली म्हातारी माणसं आपल्या शेवटाबद्दल सुनांशी, नातवंडांशी मोकळेपणानं बोलतात. नुसत्या बोलण्यातून एवढं भय कसं उभं राहिलं, याचं मला नवल वाटत राहिलं. शेवटी ते कलमच काढून टाकलं गेलं.

मी त्यांना विचारलं, "पण तुमचं स्वतःचं औषधपाणी तर मेडिकेअरवरच चालतं ना? ते सरकारचंच की." ते जरा ताठ झाले. म्हणाले, "ते वेगळं. जन्मभर माझ्या कमाईतून कापून घेतलंय. ते माझ्या हक्काचं आहे." 1965 साली तो कायदा झाला, त्याच्या आधी त्यालाही असाच कडाडून विरोध झाला होता. पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन यांनी 1961 मध्ये त्याविरुद्ध भाषणाची तबकडी काढली होती, आणि डॉक्टरांच्या संघटनेनं ती घरोघरच्या कॉफीच्या बैठकांत वाजवली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तीच गोष्ट विरोध करणाऱ्यांच्या हक्काची झाली. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही, पण तो 'हक्क' शब्द डोक्यात घर करून बसला.

त्याच आठवड्यात पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्याशेजारी मला एक प्लास्टिकचा डबा दिसला. त्यावर आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोटो चिकटवलेला. डोक्यावर केस नाहीत, हसतोय. खाली त्याचं नाव आणि आजार लिहिलेला, रक्ताचा कर्करोग. त्याच्या बापाचा घरांची छपरं घालायचा धंदा. विमा होता, पण कंपनी एका माणसामागं आयुष्यभरात जास्तीत जास्त किती देणार याची मर्यादा होती आणि ती संपली होती. तेव्हा हे कायदेशीर होतं.

त्या मुलासाठी अग्निशमन दलाच्या मोठ्या खोलीत जेवण ठेवलं होतं. ते ठरवण्यात पुढाकार आमच्या शेजाऱ्यांचाच. आठ डॉलरला ताट. ॲप्रन बांधून ते स्वतः वाढत होते. मला खाण्यासारखं त्यात फारसं नव्हतं, म्हणून पाव आणि सफरचंद घेऊन मी दाराजवळच्या बाकावर बसले. त्या मुलाची आई दारात उभी होती. येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून ती आभार मानत होती. लोक विचारायचे, "कसा आहे आता?" ती प्रत्येकाला नव्यानं सांगायची. तीन तास ती बसली नाही. मध्ये एकदा तिनं कोपऱ्यात जाऊन पायातले बूट सैल केले आणि परत हसत दारात येऊन उभी राहिली.

जमलेली रक्कम गावाच्या मानानं मोठी होती. हॉस्पिटलच्या बिलाच्या मानानं नव्हती.

आमच्या बस्तीत फरशीवर दान देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. तिथं डब्यावर घेणाऱ्याचा फोटो होता. दोन्हीकडं दानाला चेहरा लागतो, हे त्या बाकावर बसून मला कळलं. आणि चेहरा लागतो म्हटलं की निवड आलीच. हसऱ्या लहान मुलाचा फोटो डब्यावर शोभतो. दारू पिऊन यकृत घालवलेल्या, बायकोशी भांडून बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचा फोटो कोण लावणार? आजार तर त्यालाही असतोच. शिवाय त्याची बायको दारात उभी राहून प्रत्येकाचे आभार मानेल, इतकं बळ तिच्यात उरलेलं असेल का?

बेळगावला परतल्यावर मी हे अण्णाला सांगितलं. तो म्हणाला, "हेच तर मी म्हणतोय! त्या म्हाताऱ्यानं स्वतः वाढलं, त्यात भाव होता. करात कुठला आलाय भाव? मनापासून दिलं नाही ते दान नव्हे." खरं आहे त्याचं. कर म्हणजे दान नव्हेच. तो भरून कुणाला पुण्य लागत नाही. पण मी म्हटलं, "अण्णा, औषध आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतं की देणाऱ्याला पुण्य लागावं म्हणून? आणि गुप्तदान सगळ्यात श्रेष्ठ म्हणतोस ना तू? करात बघ, देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. कुणी कुणाच्या दारात उभं राहत नाही." तो म्हणाला, "बोलायला तुझ्याशी कोण लागणार!" आणि विषय बदलला.

23 मार्च 2010 ला ओबामांनी कायद्यावर सही केली. रिपब्लिकन पक्षाच्या एकाही सदस्यानं बाजूनं मत दिलं नव्हतं. पुढच्या काळात विरोधकांच्या काही गोष्टी खऱ्या ठरल्या, त्या इथं मांडल्या पाहिजेत. 1 ऑक्टोबर 2013 ला विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गळपटली. "तुमचा आधीचा विमा आवडत असेल तर तो ठेवा," असा शब्द दिला होता, तरी लाखो लोकांना विमा रद्द झाल्याची पत्रं आली. स्वतःचा विमा स्वतः घेणाऱ्या मध्यमवर्गीयांचे हप्ते पुढं बरेच वाढले. पण 2016 पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या तीन कोटींच्या खाली आली. आधीच्या आजाराचं कारण सांगून विमा नाकारणं बंद झालं आणि त्या मुलाच्या आड आलेली आयुष्यभराची मर्यादाही गेली. 2017 च्या जुलैत कायदा मोडायचा मोठा प्रयत्न झाला, तो सिनेटमध्ये 49 विरुद्ध 51 मतांनी फसला. त्यांच्याच पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून नकार दिला.

मग 2018 मध्ये आपल्याकडं आयुष्मान भारत आली, कुटुंबामागं वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च. अण्णा पुन्हा तुळशीपत्रावर आला. त्याला बोलायचा अधिकार नव्हता असं नाही. त्याच्या दुकानातल्या हमालांची दुखणीखुपणी जन्मभर त्यानंच काढली. कुणाची बाळंतपणं, कुणाचं मोडलेलं हाड. वर्षाकाठी किती गेले ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

त्यातल्याच एका जुन्या हमालाच्या छातीत दुखलं आणि कार्डावर त्याच्या हृदयात स्टेंट बसवला गेला. महिन्याभरानं तो दुकानात आला तेव्हा अण्णाला कळलं. अण्णाला बरं वाटलं आणि थोडं लागलंही. "मला सांगितलंसुद्धा नाही बघ," असं तो मला दोनदा म्हणाला. पुढं त्या हमालाची बायको आमच्याकडं आली होती. तिला मी सहज विचारलं, अण्णाला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "मालक कधी नाही म्हणाले नसते, अक्का. पण धाकटीच्या बाळंतपणाला मागितलेले, घर गळायला लागलं तेव्हा मागितलेले. आणि किती वेळा तोंड घेऊन जायचं?"

हे मी अण्णाला सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं. त्याचं देणं खोटं नव्हतं आणि तिचं न मागणंही कृतघ्नपणाचं नव्हतं.

2023 च्या ऑगस्टमध्ये कॅगचा अहवाल आला. आयुष्मानच्या यादीत जवळजवळ साडेसात लाख माणसांच्या नावापुढं एकच मोबाइल नंबर, दहाच्या दहा नऊ, लावलेला सापडला. अण्णानं ते कात्रण जपून ठेवलंय आणि घरी येईल त्याला दाखवतो. दाखवू दे की. त्याच्यासारखी कात्रणं ठेवणारी माणसं नसतील तर ही योजना कुणाच्या घशात जाईल ते सांगता येणार नाही. दुकानदाराच्या चोपडीची शिस्त सरकारी पैशाला लागलीच पाहिजे, यात त्याचं आणि माझं एकमत आहे. आमचं पटत नाही ते एवढ्यावरच, की चोपडी चुकली म्हणून दुकान बंद करायचं की मुनीम बदलायचा. मी मुनीम बदलायच्या बाजूची. अण्णाचं अजून ठरलेलं नाही, पण त्या हमालाला जड पोती उचलू द्यायची नाहीत एवढं मात्र त्यानं सगळ्या दुकानाला बजावून ठेवलंय.