बरणीवरचे नाव

रामवाडी म्हटले की पेणकरांना एसटीचे विभागीय कार्यालय आणि मुंबई-गोवा महामार्ग आठवतो. आमचे घर तिथून आत, चालत दहा मिनिटांवर. घरात आम्ही दोघी जावा, आमची माणसे, मुले आणि अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई. स्वयंपाकघर पहिल्यापासून अम्मींचे. आम्ही दोघी त्यात नंतर आलो.

गेल्या रमजानमधली गोष्ट. मगरिबला थोडाच वेळ राहिला होता. भज्यांच्या पिठात चिमूटभर सोडा घालायचा होता. कपाटात एकसारख्या दोन काचेच्या बाटल्या होत्या, कॉफी संपल्यावर धुऊन ठेवलेल्या. दोन्हींत पांढरी पूड. आमच्यापैकी एकीने (कुणी, ते सांगायचे नाही असे आमचे ठरले आहे) घाईत एक उघडली आणि चिमूट पिठात टाकली. बाहेर तसबीह घेऊन बसलेल्या अम्मींचा आवाज आला, “कुठली बाटली उघडलीस गं? सोड्याचं झाकण करकरत नाही.”

ती झुरळांसाठी आणलेली बोरिक पावडर होती. पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, लहान मुलांना तर ती फारच घातक. रोज्यात चव घेऊन कोण बघणार? सारे पीठ टाकून दिले. त्या दिवशी खजूर, कलिंगड आणि सरबतावर इफ्तार झाली. मुले भजी का नाहीत म्हणून रुसली. आम्ही दोघी मात्र एकमेकींकडे बघायचेही टाळत होतो.

रात्री कपाट उघडून मोजले. मीठ, पिठीसाखर, मैदा, तांदळाचे पीठ, खाण्याचा सोडा, पापडखार, तुरटीची पूड. सात पांढऱ्या वस्तू, एकावरही नाव नाही. गंमत अशी की घरातल्या प्रत्येक पातेल्यावर अब्बांचे नाव कोरलेले आहे. भांडी घेताना दुकानदार मशीनने नाव घालून देतो ना, तसे. भांडे कुणाचे, हे कोरून ठेवलेले. आत काय आहे, ते मात्र घरच्या बाईच्या डोक्यात.

ईद झाल्यावर आम्ही बरण्यांना नावे लावायचे मनावर घेतले. कागदाची चिठ्ठी तेलकट हाताने आठ दिवसांत विरते, म्हणून विनायल घ्यायचे ठरले. गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडे त्याचे उरलेले तुकडे मिळतात. त्याला आपण ‘रेडियमवाला’ म्हणतो, पण त्याच्या कुठल्याच पट्टीत रेडियम नसते. १८९८ साली क्युरी पतिपत्नींनी शोधलेले ते मूलद्रव्य पुढे घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून लावत असत, आणि ते रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या कितीतरी मुली त्यापायी आजारी पडून दगावल्या. आत एक आणि नाव दुसरेच, असा प्रकार फक्त आमच्याच कपाटात नव्हता तर!

काम घरीच केले. बरण्या गरम पाण्याने धुतल्या. जुन्या चिकट खुणांवर खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा चोळला, की त्या सुटतात. मग साबणाने धुऊन, कोरड्या करून सॅनिटायझरचा बोळा फिरवला, कारण तेलाचा अंश राहिला तर विनायल धरत नाही. मुलीने मोबाइलवर नावे मांडून त्यांची प्रिंट काढून आणली. प्रिंट विनायलवर चिकटवून कटरने अक्षरे कापायची. हात हलका ठेवला तर मागचा कागद शाबूत राहतो. नको असलेला भाग सोलून काढायचा, अक्षरांवर चिकटपट्टी लावून ती उचलायची आणि बरणीवर दाबून पट्टी हळूच काढून घ्यायची.

आपल्या मराठी अक्षरांची खुबी तेव्हा कळली. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो. ‘खसखस’ एका तुकड्यात उचलली गेली. त्रास दिला तो हिंग, लवंग आणि सुंठ यांनी. त्यांचे अनुस्वार सोललेल्या भागाबरोबर निघून जात आणि मग फरशीवर शोधावे लागत.

दोन दिवसांत कपाट असे दिसू लागले की शेजारणी बघायला आल्या. अम्मी मात्र स्वयंपाकघरात आल्या नाहीत. पहिल्या दिवशी गुडघे दुखतात म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी, “तुम्ही करता ते चांगलंच होतं.” चौथ्या दिवशी दुपारी त्या कपाटासमोर उभ्या दिसल्या. एकेक बरणी हातात घेऊन तिच्या गळ्याभोवती बोटे फिरवत होत्या.

“दोरे कुठं गेले?” त्यांनी विचारले.

धुताना आम्ही बरण्यांचे जुने, हळदीने पिवळे पडलेले दोरे कापून टाकले होते. रबरबँडही काढले होते. कचराच समजलो होतो आम्ही. एक गाठ हळदीची, दोन गाठी धण्याच्या, तीन मिरचीच्या. मिठाला एक रबरबँड, साखरेला दोन. अम्मींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचा पडदा साखरेच्या आजाराने खराब झाला आहे. आम्हाला ते ठाऊक होते. पण त्या इतक्या सहज रांधत की त्यांना किती कमी दिसते, हे कधी मनातच आले नाही. विनायल केसाइतके पातळ, बोटाला ते लागतही नाही. वर आमची सुबक अक्षरे मराठी. अम्मी मराठी बोलतात. वाचायला शिकल्या त्या मक्तबमधले उर्दू.

म्हणजे आमच्या घरात लेबले नव्हती असे नव्हतेच. ती आम्हाला वाचता येत नव्हती.

त्या दुपारी अम्मी पाटावर बसल्या आणि आम्ही दोरे कापून देत गेलो. गाठी त्यांनीच मारल्या, आणि या वेळी प्रत्येक गाठीचा अर्थ आम्हाला पाठ करायला लावला. दुसऱ्या बाजूला उर्दू नावे लावायचे ठरले, चांगली दोन बोटे उंच, पांढऱ्या बरणीवर काळी. उजेडात धरली की एवढी अक्षरे त्यांना दिसतात. उर्दूत कसोटी नुक्त्यांची. ‘हल्दी’ला एकही नुक्ता नाही, ती लगेच झाली. जीऱ्याच्या ‘ज़े’वरचा नुक्ता निसटला की त्याचा ‘रे’ होतो. मिर्चच्या ‘चे’चे तीन नुक्ते आम्ही तीनदा कापले. अम्मी बोटाने जागा दाखवत होत्या आणि आमच्या उर्दूला मनसोक्त हसत होत्या.

करून पाहणाऱ्या भगिनींसाठी आमचा थोडा अनुभव. नाव बरणीच्या अंगावर लावा, झाकणावर नको. झाकणांची अदलाबदल होतेच. शेगडीजवळच्या बरण्यांवर वाफेने कडा सुटतात, त्या बरण्या दूर ठेवा. मसाला भरल्याचा महिना खाली लिहा. उन्हाळ्यात कुटलेला वर्षाचा मसाला आणि गेल्या वर्षीचा उरलेला यांत मग गोंधळ होत नाही. औषधी किंवा विषारी पूड खाण्याच्या बाटलीत भरूच नका. आमची बोरिक पावडर आता तिच्या मूळ डब्यात, न्हाणीघरातल्या उंच फळीवर आहे. त्यावर लाल विनायलमध्ये तीन लिप्यांत ‘विष’ लिहिले आहे, कारण मुले इंग्रजी शाळेत जातात.

आणि बरणी धुण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, हा दोरा कशाचा?

काल धाकटा दिवे गेले असताना साखर आणायला गेला. अंधारातच दोन रबरबँडची बरणी घेऊन आला. अम्मींनी बरणीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “बरोबर वाचलंस.”