आरसा धरणारी ओशून

मूलबाळ देणारी देवी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती मांडीवर तान्हं घेतलेली, सोशिक चेहऱ्याची आई. ब्राझीलच्या साल्वादोर शहरात पाहिलेली ओशून त्यातली नव्हे. ती चांगली नटवी आहे. तिला सोनं हवं, मध हवा, अत्तर हवं; आणि हातातल्या पितळी पंख्याला जडवलेल्या आरशात ती भर नाचात स्वतःचं रूप न्याहाळते. नद्या-झऱ्यांच्या गोड्या पाण्याची ही देवता. गर्भ राहणं तिच्या हातात, बाळंतपण सुखरूप होणं तिच्या हातात, आणि मूल बोलू लागेपर्यंत त्याची राखणही तिचीच.

तिचं माहेर नायजेरियात, योरूबा लोकांत. तिथल्या ओसोग्बो शहराजवळची तिची देवराई २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ब्राझीलला ती आली गुलामांच्या जहाजांतून. जवळपास अठ्ठेचाळीस लाख आफ्रिकी माणसं या एका देशात गुलाम म्हणून उतरवली गेली, आणि १७६३ पर्यंत राजधानी असलेलं साल्वादोर हे त्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. गोव्याहून लिस्बनला निघालेली पोर्तुगीज जहाजंही इथे थांबायची. रस्त्याकडेला लगडलेले फणस आणि आंबे बघून आपल्या माणसाला हायसं वाटतं, ते त्याच दर्यावर्दींमुळे.

या आफ्रिकी देवतांच्या पंथाला कांदोंब्ले म्हणतात आणि त्याच्या देवस्थानाला तेरेइरो. मी गेले त्या तेरेइरोत जमिनीवर सुगंधी पाला पसरला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. मध्ये घेरदार पांढरे परकर नेसलेल्या बायका अनवाणी रिंगण धरून चालल्या होत्या, घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या नेमक्या विरुद्ध. त्यात विशीतली मुलगी होती तशी सत्तरीची आजीही होती. तीन ढोल, त्यांतला सर्वांत मोठा ‘रुम’ नाचणारीला पाऊल सांगतो. एरवी ते बारीक काठ्यांनी वाजवतात, पण ओशूनची लय, इजेशा, वाजते ती नुसत्या हातांनी. कातड्यावर तळहात पडले आणि सगळा मंडप सैलावला. ही लय ऐकून बसून राहणं अवघड आहे, एवढंच सांगते.

मग एका बाईचे खांदे थरथरू लागले. देवीच्या देवळात अंगात येताना पाहिलेलं असल्यामुळे मी मनाची तयारी करून होते: आता केस सुटणार, किंचाळी येणार. तसं काही झालं नाही. ज्यांच्या अंगात कधीच येत नाही अशा बायका इथे मुद्दाम नेमलेल्या असतात; त्यांना एकेदी म्हणतात. त्यातली एक शांतपणे पुढे झाली. तिने त्या बाईचा चष्मा काढून घेतला, घाम टिपला, छातीभोवती कापड आवळून मागे गाठ मारली आणि हाताला धरून तिला आत नेलं. बाई परत आली ती सोनेरी वस्त्रांत, मुकुटावरून उतरलेल्या मण्यांच्या झालरीआड चेहरा झाकून. सगळे उठून ओरडले, ‘ओरा येये ओ!’ आता ती ओशून होती. नदीत उतरली, अंग धुतलं, केस विंचरले, मनगटात एकेक कांकण चढवलं, आरसा पाहिला. आणि हे सगळं ढोलाच्या ठोक्यावर, कसलीच घाई न करता. तिच्यासमोर लोक वाकत होते. एका गरोदर बाईला तिने मिठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. इतका वेळ हसतमुख असलेल्या त्या बाईच्या डोळ्यांना तेव्हा धार लागली.

नैवेद्य पाहून मात्र मला हसू आलं. चवळी! शिजवून, कांदा, सुकट आणि लालभडक पामतेल घालून परतलेली, वर सोललेली उकडलेली अंडी मांडलेली. अंडी कशासाठी, हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

ओशूनची एक कथा तिथे फार लाडकी आहे. पुरुष देवांनी पृथ्वीचा कारभार सुरू केला आणि सभेला बायकांना बोलवायचं नाही असं ठरवलं. ओशूनने भांडण केलं नाही. तिने सगळ्या बायकांची कूस बंद केली आणि नद्या आटवल्या. देव धावत परमेश्वराकडे गेले. त्याने एकच विचारलं, ‘सभेत ओशून असते का?’ मग विनवण्या झाल्या, बाईसाहेबांनी आढेवेढे घेतले, आणि त्या सभेत जाऊन बसल्यावरच पृथ्वीवर पुन्हा पाळणे हलले. आमच्या नवससायासांच्या कथांत बाई मूल मागत फिरते. इथे ती जगालाच वेठीला धरते.

ही कथा सांगणाऱ्यांच्या पणज्यांची कूस त्यांच्या मालकीची नव्हती, हे विसरून चालत नाही. गुलाम बाईचं मूल जन्मतःच मालकाचं. १८७१ मध्ये कायदा आला: यापुढे जन्मणारं मूल स्वतंत्र. त्याचं नावच ‘मुक्त गर्भाचा कायदा’. पण मूल आठ वर्षांचं झालं की मालकाने सरकारकडून भरपाई घ्यावी, नाहीतर त्याला एकविसाव्या वर्षापर्यंत राबवावं, अशी मेख होतीच. गुलामगिरी संपली ती १८८८ मध्ये.

अशा समाजात तेरेइरोने आईपणाचा दुसराच रस्ता काढला. इथली मुख्य पुजारीण म्हणजे ‘आई’, आणि दीक्षा म्हणजे बाळंतपण. दीक्षा घेणारीला आत कोंडून ठेवतात, डोकं भादरतात, चटईवर निजवतात. बाहेर येते ती नवं नाव घेऊन, नवजात म्हणून. एकत्र दीक्षा घेतलेल्यांच्या गटाला ‘होडी’ म्हणतात आणि ते एकमेकांची भावंडं होतात. कुठल्या जहाजाची ही आठवण, ते उघड आहे. पोटी मूल नसलेली बाई इथे शंभरांची आई होऊ शकते, आणि तिला कुणी वांझ म्हणत नाही. गांत्वा तेरेइरोच्या मेनिनिन्या आई (१८९४–१९८६) १९२२ पासून अखेरपर्यंत गादीवर होत्या, त्या ओशूनच्याच. मंत्री आणि गायक त्यांच्या पाया पडायला जात. पण सोहळा करायचा तर तेरेइरोंना पोलिसांत नोंद करावी लागे, तीही थेट १९७६ पर्यंत. पुढे आठच वर्षांनी, १९८४ मध्ये, काझा ब्रांका हा जुना तेरेइरो राष्ट्रीय वारसा ठरला. सरकारांना शहाणपण येतं, पण रमतगमत.

जाणार असाल तर पांढरे कपडे न्या, काळे नकोत. मोबाइल खिशातच ठेवा, फोटो चालत नाहीत. एवढं लांब जमत नसेल तर गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूर आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज असलेल्या सिद्दींचा तिथे बावा गोरचा दर्गा आहे. ढोलावर त्यांची धमाल रंगते, आणि मूल मागायला बाया जातात त्या बावांच्या बहिणीकडे, माई मिसराकडे.