माझा नायक आणि ताईचा पाक

माझ्या एका कादंबरीचा नायक केमिकल इंजिनिअर आहे. अडीचशे पानांत तो निळ्या-तांबड्या परीक्षानळ्या हलवतो आणि मधूनमधून खिडकीबाहेर पाहून उसासे टाकतो. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. माझी मजल याहून पुढे ती काय जाणार! आजवर एकाही वाचकाने तक्रार केली नाही, यावरून पुस्तकाच्या खपाची कल्पना यावी.

तक्रार केली ती भाचीने. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत ती तिसऱ्या वर्षाला आहे. मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून १९३३ साली निघालेली आणि रघुनाथ माशेलकर जिथे शिकले, तीच ही संस्था. दिवाळीला आल्यावर तिने पुस्तक वाचले नि म्हणाली, "मामा, हा तर नुसता केमिस्ट! परीक्षानळी संपते, तिथून इंजिनिअरचं काम सुरू होतं."

ताई रव्याच्या लाडवांचा पाक करीत होती. भाचीने त्या पातेल्याकडे बोट दाखवले. "हे उंचीरुंदीला दसपट करा. पाक हजारपट मावेल; उष्णता आत-बाहेर व्हायला पृष्ठभाग मात्र शंभरपटच. आपणहून तापणारं रसायन असलं, तर त्याची उष्णता काढायची कुठून?" लग्नघरचा आचारी घरगुती मापाला नुसते हजाराने का गुणीत नाही, ते मला तेव्हा उमगले.

मग नोकऱ्यांच्या गोष्टी निघाल्या. औषधे, रंग, खते, तेलशुद्धीकरण, सांडपाणी. कुठे यंत्रांची आखणी, कुठे संशोधन, कुठे पाळीची ड्यूटी.

ताई एकदम म्हणाली, "कारखान्यात नको जाऊस. मामासारखी शाळेत शिकव."

१९८४ च्या डिसेंबरात वडील भोपाळच्या बातम्या मोठ्याने वाचीत. आम्ही दोघे भावंडे भिंतीला टेकून ऐकत असू. ताई काय बोलते आहे, हे मला कळले.

भाचीचा स्वर खाली आला. "टाकीत पाणी शिरलं, आई. पण ते रसायन थंड ठेवणारं यंत्र आधीच बंद करून ठेवलं होतं. वायू जाळून टाकायची सोयही बंद. हे बंद ठेवू नका, असं अडून बसणारं कुणी तिथे हवं ना?"

ताईने उत्तर दिले नाही. एव्हाना पाक पुढे गेला होता. लाडू दगडासारखे झाले, तरी भाचीने डबा भरून घेतला. ती निघाली तेव्हा ताई दारापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "रात्रपाळीला जेवायचं काय करतात गं तिकडे?"