वीणेचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नाही, हा वारकरी संप्रदायातील दंडक इतका साधा आहे की, त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे आयुष्याच्या पूर्वार्धात माझ्या मनातही आले नाही. पहाटेच्या काकडआरतीपासून रात्रीच्या हरिजागरापर्यंत पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन असे कार्यक्रम पालटत जातात. वीणा मात्र सात दिवस आणि सात रात्री कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असतेच, आणि काल्याच्या कीर्तनानंतरच तिला विसावा मिळतो.

सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी वडिलांचा पहारा बहुधा अपरात्रीचा असे आणि घोंगडी पांघरून मी त्यांच्याजवळ बसत असे. मुदत संपली म्हणजे नवा पहारेकरी हातपाय धुऊन, कपाळी बुक्का लावून समोर येई. वीणा त्याच्या गळ्यात जाऊन त्याचे बोट तारेवर पडेपर्यंत वडील आपले बोट काढीत नसत. आणि मग दोघेही एकमेकांच्या पायांवर मस्तक ठेवीत. ज्यांचा बांधावरून कज्जा चालू आहे, अशी माणसेदेखील त्या वेळी एकमेकांपुढे वाकताना मी पाहिली आहेत.

पुढे पुण्यास शिक्षण झाले, आगरकरांचे निबंध वाचून झाले, मामलेदार कचेरीत चाकरी लागली आणि बदलीच्या हुकुमांमागून बिऱ्हाड हलवता हलवता सप्ताह केवळ गावच्या पत्रांतून कानी येऊ लागला. अशात आमचा धाकटा मुलगा विषमज्वराने गेला. देवाशी भांडावे तर तो आहे एवढा तरी विश्वास हवा, आणि त्याची प्रार्थना करावी तर शब्दांत ओल हवी. माझ्यापाशी दोन्ही उरले नव्हते. त्या वर्षी रजा घेऊन गावी गेलो असता वडिलांच्या एका जुन्या सोबत्याने सांत्वनाचा एक शब्दही न काढता, मला न विचारता, पहाऱ्याच्या यादीत माझे नाव लिहून टाकले.

त्या रात्री मला कसलाही साक्षात्कार झाला नाही. पाय भरून आले, ओठ यंत्रवत् नाम घेत राहिले. पण माझ्या आधी जो उभा होता त्या शिंप्याचे दुकान कर्जापायी लिलावात गेले होते, आणि माझ्या नंतर जी येणार होती त्या विधवेचा मुलगा मुंबईच्या गिरणीत गेल्यापासून बेपत्ता होता, हे मला ठाऊक होते. आपल्या अंतःकरणातील भक्ती आटली तरी प्रार्थना खंडित होत नाही, कारण ती कोणा एकाच्या जमाखर्चात मांडलेली नसते, ही गोष्ट मला तेथे उभ्या उभ्या कळली.

मग संतचरित्रेही मला निराळी दिसू लागली. लोकांच्या बोलांनी उद्विग्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीचे दार लावून घेतले, तेव्हा ताटीबाहेर उभी राहून त्यांना समजावणारी मुक्ताबाई वयाने सर्वांत धाकटी होती. दुष्काळात घरची माणसे गमावलेले तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकान्तात बसत हे खरेच. परंतु कीर्तनास उभे राहताना त्यांच्यामागे चौदा टाळकरी असत असे परंपरा सांगते, आणि त्यांच्यापैकीच चाकणच्या संताजी जगनाडे तेल्यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले. एकान्ताने त्यांना जे दिले, ते टिकवावयास संगत लागली.

मुलाचे दुःख या पहाऱ्याने पुसले गेले नाही; ते वाहण्याचे बळ मात्र आले. आता गुडघ्यांमुळे मला फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून सप्ताहाची यादी करण्याचे काम मंडळींनी माझ्याकडे सोपविले आहे. श्रद्धा ढळल्याचे सांगत कोणी तरुण माझ्याकडे आला, तर त्याच्याशी मी वाद घालीत बसत नाही. मध्यरात्रीनंतरचा कोणता पहारा रिकामा आहे तेवढे पाहतो आणि तेथे त्याचे नाव लिहितो.