लसणीचें तिखट

तलासरीस आमच्या घरीं कोंबडी कापली म्हणजे तंगड्या पाहुण्यांच्या पानांत जातात व पंख आम्हां मुलांच्या वाट्यास येतात. त्यांवर मांस तें किती! म्हणून आम्ही लसणीचें तिखट करतों. 10 सुक्या लाल मिरच्या कोमट पाण्यांत भिजवून, लसणीच्या 20 पाकळ्या व मीठ घालून पाट्यावर वाटाव्या. (डहाणूच्या वाड्यांतली ढोबळी मिरची येथें कामाची नाहीं.) अखंड लसणीस उग्र वास नसतो; ठेचल्यावर तिच्यांतील दोन द्रव्यें एकत्र येऊन तो उत्पन्न होतो, आणि तापल्यावर मावळतो. यास्तव निम्मे वाटण तेलांत परतून चिंचेचा कोळ घालावा, उरलेलें कच्चेंच शेवटीं मिसळावें. निखाऱ्यावर भाजलेल्या पंखांस हें माखलें, कीं पाहुणे तंगडी सोडून आमच्या पानाकडे पाहूं लागतात. आम्ही देत नाहीं.