लांगाहा: नर आणि मादी

मादागास्कर बेटावरच्या जंगलात लांगाहा नावाचा सडपातळ, झाडांवर राहणारा साप आढळतो. लांबी जेमतेम मीटरभर. नर असो वा मादी, नाकाच्या टोकापुढे बारीक खवल्यांनी मढलेला एक मऊ अवयव वाढलेला असतो. आपल्याकडच्या हरणटोळाचे नाक टोकदार असते, पण लांगाहाच्या नाकापुढे ते काहीच नव्हे.

सापांमध्ये नर-मादी बाहेरून ओळखणे सहसा अवघड जाते. नराची जननेंद्रिये शेपटीच्या बुडात असल्यामुळे तिथला भाग थोडा जाड आणि शेपटी लांब असते. मादी पुष्कळदा अंगाने मोठी असते. जाणकारांनाही तेवढ्यावरच भागवावे लागते. लांगाहाचे तसे नाही. नराचा रंग वर तपकिरी, खाली पिवळा, आणि दोन्हींची सीमा स्पष्ट. नाकावरचा अवयव लांब, निमुळता, भाल्याच्या टोकासारखा. मादी करडी-तपकिरी, ठिपक्या-डागांची, जुन्या सालीसारखी. तिचा अवयव चपटा, कडेने दातेरी, एखाद्या वाळक्या पानासारखा.

प्रस्तुत लेखकाने पश्चिमेकडील कोरड्या जंगलात आधी नर पाहिला. दोन दिवसांनी एका फांदीवर मादी दाखवली गेली, तेव्हा ही दुसरीच जात असावी असे वाटले. हातभर अंतरावरून पाहतानाही साल कुठे संपते आणि मादी कुठे सुरू होते हे कळत नव्हते. नजर ठरली ती डोळ्यावर आणि नाकावरच्या दातेरी कडेवर. ही चूक नवी नाही. 1790 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ बोनातेर यांनी या सापाचे वर्णन केले, त्यानंतर कोंबड्याच्या तुऱ्यावरून याच्या मादीला वेगळ्या जातीचे नावही मिळाले होते.

हा साप फांदीवर निश्चल राहून सरडे टिपतो. अशा शिकाऱ्याला लपून राहण्याची मोठी गरज असते, आणि मादीचे रूप त्या कामाला सरळ उपयोगी दिसते. नराचा सुळका मात्र कोवळ्या डहाळीशी जुळतो, असे पाहणाऱ्याला वाटते.

लांगाहाची मादी अंडी घालते. हरणटोळाची मादी थेट पिल्ले देते. सर्वांत विलक्षण गोष्ट अंडी फुटताना दिसते: लांगाहाच्या नर-मादीतला फरक वयात आल्यावर उमटत नाही. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांमध्येही नराचे नाक सुळक्यासारखे आणि मादीचे पानासारखे असते.