अब्बांचा असा

उर्दूत ‘असा’ म्हणजे काठी. हजरत मूसांचा किस्सा सांगताना हा शब्द आम्ही वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिला. घरात मात्र तो अब्बांसमोर उच्चारायला दोन वर्षे लागली.

अब्बांचे वय ६८. तरुणपणी पोलादपूरच्या आमच्या गावाहून महाडच्या बाजाराला पायी येणारा माणूस. पुढे सारी उमेदीची वर्षे आखातात गेली. परतल्यावर गुडघे कुरकुरू लागले. सिजद्यातून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागे. पण मशिदीत मागे ठेवलेल्या खुर्चीकडे ते बघतही नसत. त्यांनीच एके दिवशी जाहीर केले, ‘‘या डिसेंबरात रायगड चढणार. पायऱ्यांनी.’’

महाडहून रायगड सुमारे २५ किलोमीटर. १९९६ पासून तिथे रोपवे आहे. आम्ही तो सुचवताच अब्बा म्हणाले, ‘‘मला म्हातारा करायला निघालात काय?’’

मग आम्ही भावंडांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी बूट आणले. घोट्याच्या वर जाणारे, जाड तळाचे, वजनदार. महाग ते मजबूत आणि मजबूत ते सुरक्षित, असा आमचा हिशेब. अब्बांना दुकानात नेलेच नाही. त्यांचा सात नंबर आम्हाला पाठ होता. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर चालून पाहिले. अब्बा हूं की चूं बोलले नाहीत. रात्री अम्मीने दाखवले तेव्हा अंगठ्याचे नख काळेनिळे झाले होते. उतारावर बोटे पुढे आदळत होती आणि त्यांनी ते सोसले होते, कारण मुलांनी हौसेने आणले होते.

तेव्हा कळले, आम्ही बूट अब्बांसाठी घेतलेच नव्हते. काही आमच्या भीतीसाठी आणि काही वीस वर्षांपूर्वीच्या अब्बांसाठी घेतले होते.

दुसऱ्या वेळी त्यांना सोबत नेले, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. वयाबरोबर पाऊल पसरते. माप आठ निघाले. मोजे घालून पुढे अंगठ्याएवढी जागा सोडली, टाच मात्र घट्ट. बूट हलके घेतले, कारण रायगडच्या सुमारे १४५० पायऱ्या म्हणजे तेवढ्या वेळा ते वजन उचलायचे. तळ मऊ रबराचा, खाचांचा, पावलाबरोबर वाकणारा; दवाने ओल्या झालेल्या काळ्या दगडावर कडक तळ घसरतो. अब्बा दुकानात दहा मिनिटे फिरले आणि म्हणाले, ‘‘हे पायात आहेत असे वाटत नाही.’’ त्याहून मोठी पावती कोणती?

काठी राहिली होती. धाकट्याने दुबईहून लांबी कमीजास्त होणाऱ्या दोन काठ्या पाठवल्या. अब्बा हसले, ‘‘ह्या बर्फावर घसरणाऱ्यांच्या. आपल्याकडे बर्फ फक्त सरबतात!’’ आणि त्या कोपऱ्यात गेल्या. आम्ही त्या गुपचूप गाडीत टाकल्या.

फजर पढून निघालो. चित दरवाजापाशी पुण्याची विशीतली पोरे उभी होती, प्रत्येकाच्या हातात तशाच दोन काठ्या. अब्बांनी क्षणभर पाहिले आणि आमच्यापुढे हात केला. कोपर काटकोनात येईल एवढी उंची ठेवली, चढासाठी जराशी कमी. टोकांना रबरी टोप्या, म्हणजे दगडावर सरकायला नको. उतारावर काठी लांब करायची, कारण गुडघ्याला खरा मार बसतो तो उतरताना.

महादरवाजात ते बराच वेळ बसले. पाणी पिऊन म्हणाले, ‘‘वर जाऊ. पण खाली पाळण्याने. चढायची हौस होती, ती फिटेल. उतरायची मला कुठे हौस आहे?’’ आम्ही महिनाभर जे सांगू शकलो नाही, ते त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना सांगितले होते. दुपारी हिरकणीवाडीत उतरलो तेव्हा चेहऱ्यावर थकवा होता, हार नव्हती.

वाचकहो, आपल्या घराघरांत असे परतलेले वडील आहेत. त्यांच्यासाठी वस्तू जरूर घ्या, पण आधी त्यांना दुकानात न्या आणि चालू द्या.

पुढच्या जुम्म्याला अब्बांनी मशिदीतली खुर्ची स्वतःच ओढून घेतली. आम्ही शेजारच्या सफेत उभे होतो. त्यांच्याकडे पाहिले नाही.